विझलेल्या हुक्क्यांचे सात आठवडे

डिसेंबर 1891. इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाह याच्या पदरी फोव्रिए नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. त्या दिवसांत तेहरानमध्ये जे घडलं त्याचं त्याला फार नवल वाटलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. तंबाखूची दुकानं एकाएकी बंद झाली. हुक्के बाजूला ठेवले गेले. शहरात तर कुणी ओढत नव्हतंच, पण बादशहाच्या नोकरचाकरांत आणि खुद्द त्याच्या जनानखान्यातही कुणी झुरका घेईना. ज्या देशात पाहुणा आला की आधी हुक्का पुढे यायचा, बाया-बापे दोघंही ओढायचे, तिथे ही गोष्ट घडली. आणि एकदोन दिवस नाही, सुमारे सात आठवडे टिकली.

इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणाला 'तंबाखूचं आंदोलन' म्हणतात. साम्राज्यशाहीविरुद्धचा लढा, उलेमांची ताकद, पुढच्या घटनात्मक क्रांतीची रंगीत तालीम, असं सगळं त्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि ते बरोबरही आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे हे सगळं माझ्याही वाचनात होतं. पण सहा वर्षांपूर्वी मी स्वतः सिगारेट सोडली आणि तेव्हापासून या प्रकरणाकडे मी वेगळ्याच बाजूने बघतो. मला त्या फतव्यानंतरचा तिसरा दिवस दिसतो. तेहरानच्या बाजारातला एखादा चांभार, एखादा मुनशी, एखादी आजीबाई. बावीस वर्षं ओढलेल्या माणसाला तिसरा दिवस म्हणजे काय ते ठाऊक असतं.

पण आधी थोडं मागे जाऊ. कारण हे रोपटं आपल्याकडे कसं आलं याची गोष्ट दख्खनमधूनच सुरू होते.

तंबाखू अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या वाटेने दख्खनमध्ये आणली आणि अकबराच्या शेवटच्या काळात ती विजापुरात चांगली रुळलेली होती. अकबराने शहजादा दानियालसाठी आदिलशाहाची मुलगी आणायला असद बेग नावाच्या सरदाराला विजापूरला पाठवलं होतं. तिथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत त्याला ती कुठे दिसली नव्हती. त्याने थोडी बरोबर घेतली आणि एक देखणी नळी तयार करवली. नळीच्या दोन्ही टोकांना जडावाचं काम, तोंडाशी यमनी अकीक, आणि जाळायला सोन्याची चिलीम. 1604 च्या सुमाराला हा सगळा सरंजाम चांदीच्या तबकात घालून त्याने आग्र्यात अकबरापुढे ठेवला.

पुढचा प्रसंग असद बेगनेच लिहून ठेवलाय आणि मला तो फार आवडतो. बादशहा विचारतो, हे काय? खान-ए-आझम सांगतो, ही तंबाखू, मक्का-मदिनेत प्रसिद्ध आहे, हुजूरांसाठी औषध म्हणून आणलीय. अकबर दोन-तीन झुरके घेतो. तेवढ्यात शाही हकीम, हकीम अली, पुढे येऊन त्याला थांबवतो. त्याचं म्हणणं अगदी साधं : या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, हिचे गुण-दोष कुणी तपासलेले नाहीत, मग बादशहाला ही मी कशी देऊ? असद बेग वाद घालतो की फिरंग्यांच्या शहाण्या वैद्यांनी हिची तारीफ केलीय, ते काय मूर्ख आहेत? अकबरालाही वाटतं की आपल्या पुस्तकात नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट नाकारू नये. अकबराचा हा मोकळेपणा आपण एरवी कौतुकाने शिकवतो. इथे मात्र तो चुकीच्या बाजूला पडला आणि जुन्या वळणाचा हकीम बरोबर निघाला. गंमत अशी की अकबराने स्वतः तंबाखू धरली नाही. असद बेगने दरबाऱ्यांना थोडी थोडी वाटली, त्यांनी आणखी मागितली, व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली, आणि मग ती हा हा म्हणता पसरली.

बारा-तेरा वर्षांतच जहांगीरला तिच्यावर बंदी घालावीशी वाटली. 1617 मध्ये त्याने तसा हुकूम काढला आणि आपल्या आठवणींत नोंद केली की इराणच्या शाह अब्बासनेही असंच केलंय. पण जहांगीरचा इराणमधला वकील खान आलम हा पट्टीचा ओढणारा. घटकाभर त्याला तंबाखूवाचून राहवत नसे. ही गोष्ट शाह अब्बासच्या कानावर गेली तेव्हा त्याने एका शेरातून त्याला खास सूट दिली. म्हणजे बंदीच्या पहिल्याच वर्षांत सवलतीचा अर्ज आणि मंजुरी, तीही शायरीत!

इस्तंबूलचा सुलतान मुराद चौथा शायरीच्या वाटेला गेला नाही. 1633 मध्ये शहरात प्रचंड आग लागली, त्यानंतर त्याने कॉफीखाने बंद केले आणि तंबाखू ओढणाऱ्याला थेट मृत्युदंड ठेवला. माणसं खरोखर मारली गेली. त्या काळचा विद्वान कातिब चेलेबी फौजेबरोबर हिशेबनीस म्हणून फिरत होता. तो लिहितो की सैनिक बाहीत, खिशात आखूड चिलमी लपवत आणि दुसऱ्या कुणाची गर्दन मारली जात असतानाही संधी साधून झुरका मारून घेत. मुराद 1640 मध्ये गेला. थोड्याच वर्षांत तिथला शेखुल-इस्लाम बहाई एफेंदी याने तंबाखू जायज असल्याचा फतवा दिला. तो स्वतः ओढणारा होता, हे वेगळं सांगायला नको. दमास्कसचे सूफी आलिम अब्दुल गनी नाबुलसी यांनी तर तंबाखूच्या बाजूने सबंध ग्रंथ लिहिला. आजही हराम की मकरूह हा वाद निघाला की दोन्ही बाजूंना दाखले सापडतात, ते या चारशे वर्षांच्या भांडणामुळे.

सांगायचा मुद्दा असा की जे तलवारीला जमलं नाही ते 1891 मध्ये एका ओळीच्या कागदाला जमलं. हे कसं?

नासिरुद्दीन शाहला पैसा हवा असायचा. युरोपच्या सफरी खर्चिक होत्या. मार्च 1890 मध्ये त्याने मेजर टॅल्बट नावाच्या इंग्रजाला सबंध इराणच्या तंबाखूचा मक्ता 50 वर्षांसाठी दिला. शेतकऱ्याने पिकवायची, पण विकायची फक्त कंपनीला. दुकानदाराने विकायची, पण घ्यायची फक्त कंपनीकडून. बदल्यात बादशहाला वर्षाला 15,000 पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. आपल्या शेतात पिकवलेली, आपल्या घरात ओढायची तंबाखू परक्या कंपनीच्या हातून विकत घ्यायची, ही गोष्ट लोकांना झोंबली. शिराजमध्ये गडबड झाली, तबरीजमध्ये झाली. इस्फहानच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली जाते : कंपनीचा माणूस माल उचलायला यायच्या आत त्याने आपली सगळी पोती रातोरात जाळून टाकली.

यात एक माणूस असा होता ज्याने आपल्या दख्खनमध्ये काही वर्षं काढली होती. सय्यद जमालुद्दीन अफगाणी. 1880 च्या आसपास ते हैदराबादेत राहिले, तिथेच त्यांनी फारसीत लेखन केलं. 1891 च्या सुरुवातीला शाहने त्यांना भर थंडीत इराणबाहेर हाकललं. बसऱ्याहून त्यांनी सामर्‍याला एक जळजळीत पत्र पाठवलं. सामर्‍यात शियांचे सर्वांत मोठे मुजतहिद मिर्झा हसन शिराजी राहत होते. स्वभावाने शांत, राजकारणापासून चार हात दूर राहणारे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या नावाचा फतवा तेहरानमध्ये आला. त्याचा आशय असा की आजपासून तंबाखूचा कोणत्याही प्रकारे वापर करणं म्हणजे इमाम-ए-जमानाशी युद्ध करणं. बस, एवढंच. आरोग्याचा एक शब्द नाही, हराम-हलालची चर्चा नाही. फतवा खरा की बनावट, अशी कुजबुज सरकारी गोटातून सुरू झाली, पण लोक ऐकायला थांबले नाहीत. तारायंत्राच्या तारा गावोगाव पोचल्या होत्या, बातमी भराभर गेली. ज्यांना हा फतवा लागूच नव्हता अशा गैरमुस्लिमांनीही हुक्के ठेवून दिल्याचं सांगतात. बादशहाच्या बेगमची कहाणी तर इराणात प्रत्येकाला पाठ. जनानखान्यात हुक्के मोडले जात होते, शाहने विचारलं, तंबाखू कुणी मना केली? बेगम म्हणाली, ज्याने मला तुमच्यासाठी हलाल केलं त्याने.

बादशहाने आधी देशातला मक्ता रद्द केला, निर्यातीचा ठेवला. लोक मानले नाहीत. मग तेहरानचे मुजतहिद मिर्झा हसन आश्तियानी यांना हुकूम गेला की एक तर लोकांसमोर हुक्का ओढा, नाहीतर शहर सोडा. त्यांनी सामान बांधायला घेतलं. 4 जानेवारी 1892 ला लोक महालावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर मक्ता पुरता रद्द झाला.

आता माझ्या तिसऱ्या दिवसाकडे येतो.

निकोटिन रक्तातून झपाट्याने उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं. म्हणून ओढणाऱ्याला तासा-दोन तासाला आठवण होते. सोडल्यावर त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. डोकं जड, चिडचिड, झोप मोडणारी, पोट साफ नाही, भूक अवेळी, लक्ष कशातच नाही. मग हळूहळू उतार पडतो आणि दोन ते चार आठवड्यांत शरीराचा बराचसा तगादा संपतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती लाटेसारखी येते, वाटतं आता बुडालो, आणि तुम्ही काहीही केलं नाही तरी जाते. माझ्या तिसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला आणि मी खडू टेबलावर ठेवून व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. असर वाचताना तिसरी रकात की चौथी ते आठवेना. घरी बायको म्हणाली, तुम्ही ओढत होता तेव्हा बरे होता. ती थट्टेत म्हणाली, पण मला ते खरंच वाटलं.

1891 च्या माणसाचं शरीर माझ्यासारखंच होतं. तिसऱ्या दिवशी तेहरानमध्ये हजारो माणसं एकाच वेळी चिडलेली, जागरणाने डोळे लाल झालेली, तोंडात काहीतरी चघळत बसलेली असणार. त्या बाजारात त्या आठवड्यात किती किरकोळ भांडणं झाली असतील! पण मला जे मिळालं नव्हतं ते त्यांच्याकडे होतं. दुकान उघडं नव्हतं. घरात हुक्का मोडलेला होता. पाहुण्यापुढे ठेवायचा नाही आणि पाहुणा म्हणून गेलात तर तुमच्यापुढे येणारही नाही. शेजारी, सासरा, मशिदीतला मुअज्जिन, सगळे त्याच तारखेला, त्याच तिसऱ्या दिवसात. आज सिगारेट सोडणाऱ्याला डॉक्टर हेच सांगतात : एक तारीख ठरवा, घरातली पाकिटं, लायटर, राखदाणी काढून टाका, ओढणाऱ्यांच्या घोळक्यापासून काही दिवस लांब राहा, घरच्यांना सांगून ठेवा. इराणला ते सगळं एका कागदाने करून दिलं. मी शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडलो की फाटकासमोर टपरी, आणि टपरीपाशी माझे तीन सहकारी.

इथे रमजानचं बोललंच पाहिजे, कारण आपल्यातले पुष्कळजण म्हणतात की रमजानमध्ये आपोआप सुटेल. तेरा-चौदा तास धूर नाही, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. मला हा हिशेब पटत नाही. मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो, पाणी, भजी, आणि जमात सुटताच गल्लीच्या तोंडाशी लाल ठिपके दिसायला लागतात. भुकेपेक्षा तलफेने रोजा जड गेला असं सांगणारे मी कितीतरी पाहिलेत, त्यात मीही होतो. ओढणारा रोजेदार सोडण्याचा पहिला दिवस तीस वेळा काढतो, पण दुसरा-तिसरा त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. रोज संध्याकाळी घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे महिनाभर सगळा त्रास भोगायचा आणि ईदला होतो तिथेच.

मी एकविसाव्या रोज्याला इफ्तारनंतर ओढली नाही. एवढाच बदल. दिवस तर तसाही बिनधुराचा जाणार होता, तो फुकट मिळाला. सांभाळायची होती ती रात्र. मगरिबनंतरचा अर्धा तास मी गल्लीत न जाता घरातच काढायचो. भांडी घासायला घेतली, त्याचं घरात अजून हसू होतं. तरावीहला पहिल्या सफेत जागा धरायची, म्हणजे मध्येच उठून बाहेर जाता येत नाही. तोंडात बडीशेप, लवंग. सेहरीनंतरचा चहा मात्र मला सोडावा लागला, कारण चहाच्या घोटाबरोबर हात आपोआप खिशात जायचा. ईदपर्यंत नऊ दिवस झाले. ईदगाहवरून परतताना गळाभेटी सुरू असताना एका मित्राने पाकीट पुढे केलं, 'आज तो ईद है.' तो क्षण तिसऱ्या दिवसापेक्षा अवघड होता. शरीर तोवर बरंच मोकळं झालं होतं, पण आनंदाच्या दिवशी ओढायची बावीस वर्षांची रीत तशीच उभी होती.

म्हणूनच मला 26 जानेवारी 1892 हा दिवस 4 जानेवारीपेक्षा जास्त छळतो. त्या दिवशी तेहरानमध्ये जाहीर झालं की मक्ता गेला, शिराजींनी बंदी उठवली, आता ओढायला हरकत नाही. लोकांनी जल्लोष केला आणि हुक्के पेटवले. सात आठवडे! दोन ते चार आठवड्यांचा तगादा त्यांच्या शरीराने केव्हाच फेडून टाकला होता. लाखो माणसं सर्वांत खडतर टप्पा पार करून पलीकडे उभी होती, आणि विजयाच्या आनंदात परत मागे फिरली. त्यांना दोष देता येत नाही. त्यांची लढाई कंपनीशी होती, तंबाखूशी नव्हतीच. तंबाखू ही तर त्यांची स्वतःची, शिराजच्या मातीतली, इज्जतीची वस्तू होती, तीच परत मिळवायला ते लढले होते. फुप्फुसाचा कर्करोग आणि धूर यांचा संबंध डॉक्टरांनी पक्का दाखवायला अजून साठेक वर्षं होती.

विजयही निखळ नव्हता. कंपनीला नुकसानभरपाई म्हणून इराणने 5,00,000 पौंड द्यायचं ठरलं आणि त्यासाठी इंग्रजांच्याच बँकेकडून 6 टक्के व्याजाने कर्ज काढलं. इराणच्या डोक्यावरचं ते पहिलं परदेशी कर्ज. तंबाखू न ओढल्याचं बिल ओढणाऱ्यांनी आणि न ओढणाऱ्यांनी मिळून वर्षानुवर्षं भरलं.

हे सगळं मी एकदा संगमनेरला माझ्या खालाला सांगत होतो. खालाने चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, कात्री, पत्र्याचा फर्मा, भिजवलेली टेंभुर्णीची पानं, दोऱ्याचं रीळ. मजुरी हजारावर, आणि त्यातही कारखान्यात छाट काढून पाच-पन्नास बिड्या बाद व्हायच्या, त्यांचे पैसे नाहीत. अब्बा लवकर गेले, तेव्हा माझ्या शाळेची फी आणि वह्या त्या सुपातून आल्या. तिने आयुष्यात एकही बिडी ओढली नाही, पण तंबाखूच्या भुकटीने तिचा खोकला कधी थांबला नाही. मी सिगारेट सोडली याचा सर्वांत जास्त आनंद तिला झाला होता, शुकराण्याच्या दोन रकात पढली होती ती.

इराणच्या गोष्टीतली बेगम तिला फार आवडली, दोनदा सांगायला लावली. मग पानाच्या शिरा काढत तिने विचारलं, 'त्या सात आठवड्यांत तिथल्या तंबाखू खुडणाऱ्या बायकांनी काय खाल्लं रे?'

मी म्हणालो, पुस्तकात व्यापाऱ्यांचं आहे, त्यांचं नाही. ती 'हं' म्हणाली आणि पुढचं पान घेतलं.